व्यवस्थापनशास्त्राचें आचार्यपद

‘डॉक्टर’ हा शब्द आपल्या समाजांत दोन अर्थांनीं रुळला आहे. घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे ज्यांच्याकडे धांव घ्यावयाची ते एक डॉक्टर. आणि ज्यांच्यापुढें कोणी भाबडेपणानें नाडी दाखविण्यास हात केला तर जे ओशाळून ‘मी त्यांतला नव्हे’ असें म्हणतात ते दुसरे डॉक्टर. ह्या दुसऱ्या वर्गांत संस्कृताचे, इतिहासाचे, रसायनशास्त्राचे पंडित फार दिवसांपासून आहेत. त्यांच्या पंक्तीला विसाव्या शतकांत एक नवा पाहुणा येऊन बसला. कारखाना, पेढी, इस्पितळ किंवा सहकारी संस्था कशी चालवावी ह्या विषयांत, म्हणजे व्यवस्थापनशास्त्रांत, आचार्यपद मिळविणारा हा पाहुणा होय.

पंक्तींतील जुन्या मंडळींनीं त्याला पाहून प्रथम कपाळाला आठ्या घातल्या ह्यांत नवल नाहीं. जी विद्या पेढीच्या गादीवर बसून, गिऱ्हाइकाचा चेहरा वाचून आणि खतावणीवरून बोट फिरवून शिकावयाची, तिच्यांत प्रबंध तो काय लिहावयाचा, अशी शंका विद्वानांस आली. आणि ज्यानें जन्मांत एक दुकान चालविलें नाहीं त्यानें आम्हांस दुकानदारी शिकवावी काय, अशी शंका व्यापाऱ्यांस आली. ह्या दोन्ही शंका अद्याप पुरत्या फिटलेल्या नाहींत. तरीहि दरसाल शेंकडों तरुण स्त्रीपुरुष ही वाट धरतात. प्रवेशपरीक्षा, नेमलेला अभ्यासक्रम, विषयाचा आराखडा, संशोधन, प्रबंध, परीक्षकांचे अहवाल आणि शेवटीं तोंडी परीक्षा अशा सात पायऱ्या ते चढतात. पायऱ्यांची ही यादी कोणत्याहि विद्यापीठाच्या कचेरींत मिळते. परंतु ह्या पायऱ्या कोणी, केव्हां व कशासाठीं बांधल्या हें तेथें सांगत नाहींत. तें सांगण्याचा हा प्रयत्न आहे. कारण बांधण्याचें प्रयोजन विसरलें म्हणजे चढण्याचें प्रयोजनहि विसरतें.

लॅटिन भाषेंत ‘डॉक्टर’ म्हणजे शिकविणारा. बाराव्या शतकांत इटलींतील बोलोन्या आणि फ्रान्सांतील पॅरिस येथें जीं विद्यापीठें उदयास आलीं त्यांचें मूळ नांवच ‘संघ’ अशा अर्थाचें होतें. सुतार, सोनार, विणकर ह्यांच्या जशा श्रेणी असत तशीच ही शिक्षकांची किंवा शिष्यांची श्रेणी. सोनाराच्या हाताखालीं मुलगा उमेदवार म्हणून राही, पुढें कारागीर होई, आणि आपल्या हातची एक वस्तु घडवून श्रेणींतील उस्तादांस ती पसंत पडली म्हणजे स्वतः उस्ताद होई. विद्येच्या श्रेणींतहि क्रम हाच होता. डॉक्टर होणें म्हणजे दुकान मांडण्याची परवानगी मिळणें. भेद एवढाच कीं दुकान शिकवणीचें असे.

ही परवानगी देण्याचा अधिकार चर्चच्या अधिकाऱ्यांकडे होता, आणि जेथें अधिकार आहे तेथें दक्षिणेची अपेक्षा आलीच. म्हणून इ. स. ११७९ सालीं रोम येथील तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेनें असा निर्बंध घातला कीं, योग्य मनुष्यास शिकविण्याचा परवाना देतांना पैसा घेऊं नये व योग्य मनुष्यास परवाना नाकारूंहि नये. १२१५ सालीं पॅरिसच्या विद्यापीठाचे जे नियम झाले त्यांत, एकविसाव्या वर्षापूर्वीं व सहा वर्षांच्या अध्ययनावांचून कोणीं सामान्य विद्या शिकवूं नयेत, आणि पस्तिशी उलटल्यावांचून कोणीं धर्मशास्त्र शिकवूं नये, असें ठरलें. १२१९ सालीं पोपनें बोलोन्याविषयीं आज्ञा केली कीं, तेथील आर्चडीकन ह्या धर्माधिकाऱ्याच्या संमतीवांचून कोणास आचार्य करूं नये. गुरुजनांनीं पारखावें आणि बाहेरच्या अधिकाऱ्यानें शिक्का मारावा, ही जी विभागणी त्या काळीं झाली तिची छाया आजच्या बाह्य परीक्षकावर अजून पडलेली आहे.

बोलोन्याची कायद्याची परीक्षा पाहण्यासारखी होती. उमेदवारास सकाळीं प्रार्थनेनंतर कायद्याच्या ग्रंथांतील दोन उतारे नेमून देत. मग तो आचार्यमंडळापुढें बंद दाराआड बसून त्यांचें विवरण करी, प्रत्येक आचार्य त्यास आडवेतिडवे प्रश्न विचारी, आणि शेवटीं गुप्त मतदान होई. मिथिलेच्या न्यायशाळेंतील शलाकापरीक्षेची जी कथा आपल्याकडे सांगतात, कीं पोथींत सळई खुपसावी आणि जें पान निघेल त्यावर उमेदवारानें बोलावें, तिची येथें आठवण होते. बहुमत अनुकूल पडलें म्हणजे तो ‘परवानाधारी’ होई. परंतु अद्याप डॉक्टर नव्हे. त्यासाठीं मोठ्या देवळांत सर्व गांवासमोर त्याला व्याख्यान द्यावें लागे आणि विद्यार्थ्यांनीं घेतलेल्या आक्षेपांचें खंडन करावें लागे. त्यानंतर त्याच्या हातीं ग्रंथ देत, बोटांत अंगठी घालीत आणि डोक्यावर टोपी ठेवीत. ह्या समारंभांतील मेजवान्या व वस्त्रदानें इतकीं महाग पडत कीं, पुष्कळ हुशार पण गरीब उमेदवार परवान्यावरच थांबत. १३११ सालीं भरलेल्या व्हिएन्न येथील धर्मपरिषदेला ह्या खर्चास मर्यादा घालावी लागली, ह्यावरून काय तें समजावें. पदवीहून पदवीदानाचा थाट मोठा होण्याचा रोग इतका जुना आहे!

ह्या सर्व खटाटोपांत एक गोष्ट मात्र कोठेंहि नव्हती: नवें ज्ञान. उमेदवारानें जुना ग्रंथ नीट जाणावा व तो वादांत राखावा, एवढीच अपेक्षा होती. सतराव्या-अठराव्या शतकांत जर्मनींतील विद्यापीठांत तर असा प्रघात पडला कीं, छापील प्रबंध बहुधा अध्यक्षस्थानीं बसणारा प्राध्यापकच लिही आणि शिष्यानें फक्त त्याचें मंडन करावें. प्रबंध गुरूचा, पदवी शिष्याची आणि फी विद्यापीठाची, असा हा त्रिवेणीसंगम होता. पुढें तर कित्येक विद्यापीठें उमेदवाराचें तोंडहि न पाहतां टपालानें पदवी धाडूं लागलीं. कार्ल मार्क्स ह्यानें १८४१ सालीं ग्रीक तत्त्वज्ञानावरील प्रबंध येना विद्यापीठाकडे पाठविला आणि तेथें पाऊल न टाकतां तो डॉक्टर झाला. मार्क्सचा प्रबंध चांगला होता. परंतु त्याच दारानें दुसरे किती आणि कसे आंत शिरत ह्याला धरबंध नव्हता. रोमच्या इतिहासाचा थोर पंडित मॉमसेन ह्यानें १८७६ सालीं ‘जर्मन खोटे डॉक्टर’ अशा अर्थाच्या मथळ्याचा जळजळीत लेख लिहून ह्या व्यापारावर कोरडे ओढले. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, उमेदवारानें समोर येऊन बसावें आणि प्रबंध छापून जगापुढें ठेवावा. आज पदवीच्या नियमांत तोंडी परीक्षा आणि प्रबंधाचें प्रकाशन ह्यांवर जो कटाक्ष दिसतो त्याच्यामागें असा अनुभव आहे.

मॉमसेनच्या रागाला कारणहि तसेंच होतें. त्याच्याच देशांत तोंवर ह्या पदवीचा अर्थ पार बदलला होता. १८१० सालीं विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट ह्याच्या योजनेनुसार बर्लिनचें विद्यापीठ निघालें. विद्या ही संपलेली वस्तु नसून ती सदैव शोधीत राहावयाची आहे, आणि गुरु व शिष्य हे दोघेहि त्या शोधाचे सहप्रवासी आहेत, अशी त्याची भूमिका होती. ह्या भूमिकेला अनुसरून ‘सेमिनार’ नांवाची अध्यापनपद्धति फोफावली. दहापांच विद्यार्थ्यांनीं गुरूसमवेत एका मेजाभोंवतीं बसावें, प्रत्येकानें आपलें टिपण वाचावें, आणि बाकीच्यांनीं त्यांतील पुराव्याची छाननी करावी, असें तिचें स्वरूप. आतां प्रबंध शिष्यानें स्वतः लिहावयाचा आणि त्यांत पूर्वीं कोणास ठाऊक नसलेलें कांहीं तरी असावयाचें. श्रेणीच्या परवान्याचा असा शोधाच्या दाखल्यांत कायापालट झाला. ज्या पायऱ्या सांभाळण्यासाठीं बांधल्या होत्या त्याच पायऱ्यांवरून आतां नवें आणावयाचें होतें. ही ओढाताण ह्या पदवीच्या हाडीं तेव्हांपासून खिळली आहे.

जर्मनींत शिकून परतलेल्या तरुणांनीं ही पद्धति अमेरिकेंत नेली. येल येथें १८६१ सालीं तिघांस पीएच. डी. मिळाली, १८७६ सालीं बाल्टिमोर येथें जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठ संशोधन हेंच मुख्य कार्य मानून निघालें. मग पदवीचें पीक इतकें आलें कीं, १९०३ सालीं हार्वर्डचा तत्त्वज्ञ विल्यम जेम्स ह्यानें ह्या पदवीला आठ हातांच्या समुद्रप्राण्याची उपमा देऊन एक निबंध लिहिला. त्यांत त्यानें एका बुद्धिमान विद्यार्थ्याची हकीकत दिली आहे. ह्या विद्यार्थ्यास एका कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्याची जागा मिळाली. पण त्याच्यापाशीं पीएच. डी. नाहीं हें कळतांच चालकांस घाम फुटला. तत्त्वज्ञानांतील पदवीचा वाङ्मय शिकविण्याशीं काय संबंध, हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं. नांवापुढें तीं अक्षरें पाहिजेत एवढाच आग्रह होता. जेम्स स्वतः वैद्यकाचा पदवीधर, ही पीएच. डी. त्याच्यापाशीं नव्हती, आणि त्यावांचून त्याचें कांहीं अडलें नाहीं. इंग्लंडनें मात्र ही पदवी फार उशिरां स्वीकारली. ऑक्सफर्डनें १९१७ सालीं तिला जागा दिली, तीहि महायुद्धामुळें जर्मनीचीं दारें बंद झालेल्या परदेशी विद्यार्थ्यांस आपल्याकडे ओढण्याच्या हिशेबानें.

ज्या काळीं तत्त्वज्ञानाच्या आणि इतिहासाच्या घरांत हें चाललें होतें, त्याच काळीं व्यापारशिक्षण दाराशीं येऊन उभें होतें. १८८१ सालीं फिलाडेल्फियांत जोसेफ व्हार्टन ह्या कारखानदाराच्या एक लक्ष डॉलरांच्या देणगींतून व्यापाराची शाळा निघाली. १८९८ सालीं जर्मनींत लाइप्झिग येथें व्यापारी महाविद्यालय उघडलें. १९०८ सालीं हार्वर्डनें तेंच केलें. परंतु डॉक्टर करण्याचा अधिकार ही जुन्या विद्यापीठांची मिरासदारी होती आणि मिरासदार आपली मिरास सहजासहजीं वाटून देत नाहीं. जर्मनींतील तंत्रविद्यालयांस हा अधिकार १८९९ सालीं मिळाला तोहि सम्राटानें मध्यें पडून दिला तेव्हां. आणि तरीहि त्या पदवीचें नांव लॅटिनांत न लिहितां जर्मनांत लिहावें, म्हणजे ती जुन्या पदवींत मिसळणार नाहीं, अशी तजवीज झाली. जर्मन व्यापारी महाविद्यालयांस तर पहिल्या महायुद्धानंतरपर्यंत वाट पाहावी लागली.

अमेरिकेंत शिकागो विद्यापीठानें १९२० च्या सुमारास व्यापारविषयांत पीएच. डी. चा अभ्यासक्रम सुरू केला आणि १९२२ सालीं पहिली पदवी दिली. १९२९ सालीं तेथेंच ती प्रथम एका स्त्रीस मिळाली. हार्वर्डनें वेगळा मार्ग धरला. त्यानें पीएच. डी. न म्हणतां ‘व्यापारशास्त्राचा डॉक्टर’ अशी निराळी पदवी काढली आणि १९५३ मध्यें तिचें रूपांतर व्यापारव्यवस्थापनाच्या डॉक्टरांत केलें. ह्या दोन नांवांच्या मागें दोन मतें आहेत. एका मतें व्यवस्थापन हें अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गणित ह्यांच्यासारखें शास्त्र आहे आणि त्याच्या डॉक्टरानें नवे सिद्धांत मांडावे. दुसऱ्या मतें तें वैद्यकासारखें किंवा वकिलीसारखें कर्म आहे आणि त्याच्या डॉक्टरानें धंद्यांतील एखादी अडचण उकलून दाखवावी. १९५९ सालीं फोर्ड व कार्नेगी ह्या दोन दानसंस्थांच्या आश्रयानें दोन मोठे अहवाल निघाले. दोहोंचा सूर असा कीं, व्यापारी शाळांतील अध्यापनाची व संशोधनाची पातळी हिणकस आहे. ती सुधारावयाची तर तेथें खरें शास्त्र आणलें पाहिजे. त्या सुमारास फोर्ड संस्थेनें ह्या कार्यांत कोट्यवधि डॉलर ओतले, आणि तराजू पहिल्या मताकडे झुकला.

ह्या वादाचा निकाल मतांनीं लागत नाहीं, उदाहरणांनीं लागतो; म्हणून दोन उदाहरणें थोड्या विस्तारानें देतों. हर्बर्ट सायमन हा शिकागो विद्यापीठाचा विद्यार्थी. १९३५ सालीं तो मिल्वॉकी शहराच्या क्रीडांगणांची व्यवस्था पाहावयास गेला. मुलांच्या मैदानांचा कारभार तेथें शाळामंडळ व नगरपालिकेचें बांधकामखातें ह्या दोघांकडे वांटलेला होता. पैसा मैदानांच्या डागडुजीवर खर्चावा कीं खेळ शिकविणाऱ्या माणसांवर, ह्याविषयीं दोघांचें जमेना. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणें दोन्ही खर्चांचा अखेरचा लाभ मोजून ताळा घालावा. परंतु तेथें कोणीहि असा हिशेब करीत नव्हतें, आणि करूं म्हटलें तरी करतां येण्यासारखा नव्हता. प्रत्येक खातें आपल्याला जेवढें दिसतें तेवढ्यावरून निर्णय घेत होतें. मनुष्य निर्णय घेतो तो सर्वज्ञ होऊन नव्हे, आपल्या तोकड्या माहितीच्या उजेडांत घेतो, हा विचार तेथून सायमनच्या मनांत रुजला. त्यावर त्यानें १९४३ सालीं पीएच. डी. मिळविली, १९४७ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला, आणि १९७८ सालीं त्या विचारपरंपरेसाठीं त्यास अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. मुलांच्या मैदानाच्या भांडणांतून एवढें निघालें!

दुसरें उदाहरण हेन्री मिंट्झबर्ग ह्याचें. व्यवस्थापक काय करतो, ह्याचें उत्तर पाठ्यपुस्तकांत ठरलेलें होतें: तो योजना आंखतो, संघटना करतो, नियंत्रण ठेवतो. मिंट्झबर्गनें आपल्या प्रबंधासाठीं पांच मोठ्या अधिकाऱ्यांची निवड केली आणि प्रत्येकाच्या मागें एकेक आठवडा राहून तो मिनिटामिनिटाला काय करतो तें टिपून घेतलें. त्याला आढळलें तें असें कीं, त्यांच्या कामांपैकीं निम्मीं कामें नऊ मिनिटांच्या आंतलीं होतीं. शांतपणें बसून योजना आंखणारा व्यवस्थापक पुस्तकाबाहेर कोठें दिसेना. हा प्रबंध १९६८ सालचा. पुढें १९७३ सालीं त्याचें पुस्तक झालें. पांच माणसें आणि पांच आठवडे, एवढेंच त्याचें भांडवल. परंतु पुस्तकांतील व्याख्येला जगांतील माणसाशीं ताडून पाहण्याचें धैर्य त्यांत होतें.

ह्या दोन्ही प्रबंधांत शास्त्र श्रेष्ठ कीं कर्म श्रेष्ठ हा वाद आपोआप मिटला आहे. प्रश्न कर्मांतून आला आणि उत्तर शास्त्राच्या शिस्तीनें शोधलें. आराखडा नांवाच्या पायरीचा अर्थ ह्यावरून स्पष्ट होतो. उमेदवारानें आपला स्वतःचा, खरा आणि पेलण्याजोगा प्रश्न शोधावा ह्यासाठीं ती आहे; गुरूच्या जुन्या प्रश्नावलींत गांवाचें नांव बदलून घालण्यासाठीं नव्हे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें निघालेलीं विद्यापीठें मुळांत परीक्षा घेणारीं मंडळें होतीं. संशोधन हें त्यांचें काम नव्हतें. म्हणून ह्या पायऱ्या आपल्या लोकांनीं प्रथम परदेशांत पाहिल्या. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ सालीं अमेरिकेस गेले आणि हिंदुस्थानांतील जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहून १९११ सालीं कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झाले. दुसरें नांव डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचें. आणि पदवीच्या पायऱ्या म्हणजे काय हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें त्यांचा तो प्रवास अवश्य पाहावा.

सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले, १९१५ सालीं एम. ए. झाले आणि १९१६ सालीं पीएच. डी. साठीं प्रबंध सादर करून लंडनला गेले. तेथें अध्ययन सुरू होतें न होतें तोंच शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ सालीं त्यांस परतावें लागलें. पुढील वर्षीं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१३ सालीं स्थापन झालेलें हें आपल्याकडचें आद्य वाणिज्य महाविद्यालय. म्हणजे ज्या शाखेंतून पुढें व्यवस्थापनशास्त्र फुटलें तिच्या विद्यार्थ्यांस शिकविणारा हा अध्यापक स्वतः दोन अर्धवट राहिलेल्या पदव्यांचा धनी होता. कांहीं पगारांतून शिलकीस टाकलेलें, कांहीं शाहू महाराजांचें साहाय्य, कांहीं मित्राकडून घेतलेलें कर्ज, अशी जुळवाजुळव करून ते १९२० सालीं पुन्हां लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध डी. एस्‌सी. साठीं १९२२ सालीं सादर झाला, आणि परीक्षकांनीं तो फिरून लिहावयास सांगितला. ब्रिटिश कारभारावरील त्याची टीका झोंबली असें म्हणतात. त्यांनीं प्रबंध नव्यानें मांडला. परंतु निष्कर्ष बदलले नाहींत. १९२३ च्या अखेरीस तो मान्य झाला व ग्रंथरूपानें निघाला, आणि त्यांचे गुरु एडविन कॅनन ह्यांनीं त्यास प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेंत गुरूनें शिष्याशीं आपला कोठें मतभेद आहे तें मोकळेपणानें नमूद केलें आहे. कोलंबियाचा प्रबंध १९२५ सालीं सेलिग्मन ह्यांच्या प्रस्तावनेसह छापला गेला, आणि छापील प्रती दाखल झाल्यावर १९२७ सालीं ती पदवी रीतसर मिळाली. पहिलें पाऊल टाकल्यापासून शेवटची पायरी चढेपर्यंत चौदा वर्षें लोटलीं.

ह्या हकीकतींत पदवीच्या सर्व पायऱ्यांचा प्राण आहे. येथें परीक्षक ‘नाहीं’ म्हणूं शकत होते, आणि त्यांनीं तसें म्हटलें. शिष्यहि निष्कर्षाविषयीं ‘नाहीं’ म्हणूं शकत होता, आणि त्यानेंहि म्हटलें. गुरूस शिष्याचें मत पटलें नाहीं तरी त्यानें त्याच्या पुस्तकापुढें आपलें नांव घातलें. नकार देण्याची मोकळीक जेथें दोन्ही बाजूंस आहे तेथेंच होकाराला किंमत येते.

स्वातंत्र्यानंतर देशांत कारखाने वाढले आणि ते चालविणाऱ्यांची वाण पडूं लागली. कलकत्त्यास १९५३ सालीं समाजकल्याण व व्यवसायव्यवस्थापन ह्यांची संस्था निघाली. १९६१ सालीं कलकत्ता व अहमदाबाद येथें भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या, पहिलीस मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेचें व दुसरीस हार्वर्डचें साहाय्य होतें. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ सालची. ह्या संस्थांस शिक्षक कोठून आणावयाचे? परदेशीं किती दिवस धाडावयाचें? ह्या गरजेपोटीं १९७१ सालीं अहमदाबाद व कलकत्ता येथें आचार्यपदाच्या तोडीचा अभ्यासक्रम सुरू झाला. परंतु १९५६ च्या विद्यापीठ अनुदान मंडळाच्या कायद्याप्रमाणें पदवी देण्याचा हक्क विद्यापीठांस व संसदेनें खास अधिकार दिलेल्या संस्थांसच आहे. आणि ह्या संस्था तर नोंदलेल्या मंडळ्या होत्या. म्हणून त्यांनीं पदवी न देतां ‘फेलो’ हा किताब दिला. दोन वर्षें कसून अध्ययन, मग सर्व विषयाची व्यापक परीक्षा, मग आराखड्याचें समर्थन, मग प्रबंध आणि त्याचें मंडन, असा हा घाट होता. तो चढून गेलेल्यांस ‘आपण डॉक्टर आहां काय’ ह्या प्रश्नाचें उत्तर देतांना दोन वाक्यें लागत. २०१७ च्या कायद्यानें ही अडचण दूर झाली. तो ३१ जानेवारी २०१८ पासून अंमलांत आला आणि ह्या संस्था पीएच. डी. देऊं लागल्या. जर्मनींतील व्यापारी महाविद्यालयांची कहाणीच येथें जवळजवळ शंभर वर्षांनीं पुन्हां घडली. आणि तिच्यांत एक बोधहि आहे: जोंवर पदवीचें नांव नव्हतें तोंवरहि त्या किताबाची प्रतिष्ठा होती, कारण घाट खरा होता.

विद्यापीठांतून मात्र नांव पहिल्यापासून होतें. घाटाविषयीं तशी ग्वाही सर्वत्र देतां येत नाहीं. बढतीच्या नियमांत पदवी जसजशी गोंविली गेली तसतशी ज्यांस कांहीं विचारावयाचें नव्हतें त्यांसहि ती घेणें भाग पडलें. जेम्सचा आठ हातांचा प्राणी आपल्या किनाऱ्यास लागला. अनुदान मंडळानें २००९, २०१६ व २०२२ सालीं नियम करून पायऱ्या घट्ट करण्याचा यत्न केला. शेवटच्या नियमांप्रमाणें कमींत कमी तीन वर्षांचा काळ, किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम, दर सहामाहीस सल्लागार समितीपुढें प्रगतीचें निवेदन, दोन बाह्य परीक्षक आणि खुली तोंडी परीक्षा आवश्यक आहे. मात्र प्रबंधापूर्वीं लेख छापण्याची सक्ति काढून टाकली. ती सक्ति काढली हें माझ्या मतें बरें झालें. लेख छापलाच पाहिजे म्हटलें कीं पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं मासिकें निघतात. मॉमसेनच्या काळच्या टपाली पदवीचेंच तें धाकटें भावंड होय. २०१८ सालीं वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम झाले आणि संगणक प्रबंधांतील उसनीं वाक्यें मोजूं लागला. वाक्य उसनें आहे कीं नाहीं हें यंत्र सांगेल; प्रश्न उसना आहे कीं नाहीं हें कोण सांगणार?

ह्या सातशें-आठशें वर्षांच्या इतिहासांत एक गोष्ट पुनःपुन्हां दिसते. पदवी पातळ झाली कीं नवी पायरी घालावयाची, हा उपाय प्रत्येक पिढीनें केला. परंतु पायऱ्यांची संख्या वाढल्यानें चढ वाढत नाहीं. प्रत्येक पायरीवर कोणी तरी उभा असावा लागतो, ज्याच्या मनांत ‘हें अजून झालें नाहीं’ असें म्हणण्याचें बळ आहे आणि ज्यास तसें म्हटल्याबद्दल भोगावें लागत नाहीं. बंद दाराआड गुप्त मत देणाऱ्या बोलोन्याच्या आचार्यांस तें साधलें. लंडनच्या परीक्षकांनींहि, हेतु कसाहि असो, प्रबंध परत केला. मार्गदर्शक, परीक्षक आणि उमेदवार हे तिघेहि जेथें एकमेकांच्या भिडेंत असतात, आज तुझा विद्यार्थी मी पास करतों, उद्यां माझा तूं कर, असा जेथें घरोबा असतो, तेथें सात पायऱ्या असोत कीं सत्तर, त्या सपाट जमिनीवर रंगविलेल्या आहेत.

व्यवस्थापनशास्त्राच्या बाबतींत ह्याहून एक अधिक उणीव आहे. सोनाराच्या श्रेणींत उमेदवाराची वस्तु पारखणारे उस्ताद स्वतः सोनार असत. वैद्यकांत रोगी आपल्या परीनें डॉक्टरास पास किंवा नापास करीत असतोच. व्यवस्थापनाच्या प्रबंधाचे परीक्षक मात्र बहुधा दुसरे प्राध्यापकच असतात; ज्या गिरणीवर, ज्या पतपेढीवर, ज्या दूधसंघावर तो लिहिलेला आहे तेथील माणसाला तो दाखविला जात नाहीं, आणि ‘असें आमच्याकडे घडत नाहीं’ हें म्हणण्याची संधि त्यास मिळत नाहीं. त्यानें शास्त्राची परीक्षा घ्यावी असें मी म्हणत नाहीं. तें त्याचें काम नव्हे. परंतु बोलोन्याच्या देवळांत सर्व गांवासमोर उभें राहून आक्षेपांस उत्तर देण्याची जी पायरी होती, तिचा खरा वारसा ह्या शास्त्रास हवा असेल तर खुल्या तोंडी परीक्षेच्या दालनांत दोनचार खुर्च्या त्या माणसांसाठीं ठेवाव्या. नियमांत त्याला कोठेंहि मनाई नाहीं.

आपल्या ओळखींत अशा वाटेला लागलेला एखादा मुलगा किंवा मुलगी आज असेलच. ‘पीएच. डी. केव्हां होणार?’ असें आपण त्यांस हटकून विचारतों, आणि तीं बिचारीं उत्तर टाळतात. त्याऐवजीं ‘तुझा प्रश्न काय आहे?’ असें एकदां विचारून पाहावें. उत्तर देतांना ज्याचे डोळे चमकतात आणि जो चहा निवाला तरी बोलतच राहतो, त्याच्या पायऱ्यांची काळजी करण्याचें कारण नाहीं.